ड्रमवरचा भंडारा

"ड्रमला भंडारा लागला न्हाय तर मी वाजवणार न्हाय," म्हादेव म्हणाला आणि त्यानं काठ्या मांडीवर ठेवून दिल्या.

"आन् लागला तर मी गाणार न्हाय," प्रशांत म्हणाला.

आली का पंचाईत! मी काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसलो होतो. बारामतीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी रेकॉर्डिस्ट होतो. कॅसेटचा जमाना. आमच्याकडे यायची भजनी मंडळं, भारूडवाले, निवडणुकीची प्रचारगाणी. या पोरांना मात्र ब्लॅक मेटलचा अल्बम करायचा होता, वर थोडा डेथ मेटलचा मसाला. ब्लॅक मेटल म्हणजे सुसाट ड्रम, करकरणारी गिटार आणि किंचाळणं. डेथ मेटलमध्ये आवाज पोटातून घोगरा काढायचा. हे ज्ञान मला प्रशांतनंच दिलं होतं. तो एमआयडीसीतल्या दूध प्लँटमध्ये कामाला. गाणी त्याची, गळाही त्याचा. ड्रमर म्हादेव सणसरचा. घरची मेंढरं केव्हाच गेली होती, पण धनगरांच्या गजी नाचाच्या मंडळातला ढोल त्यानं सोडला नव्हता.

हाताशी दिवस एकच. गिटारवाला नितीन सोमवारी नोकरीसाठी बंगलोरला निघणार होता. कोऱ्हाळ्यातल्या एका बंद गुऱ्हाळात पोरांनी वर्षानुवर्षं तालीम केली होती. आज झालं नाही तर अल्बम कायमचा राहिला.

रेकॉर्डिंगमध्ये आधी ड्रम टेपवर घ्यायचे. त्यावर गिटार, शेवटी आवाज. पायाच नाही तर भिंत कुठली? आणि आमचा पाया हाताची घडी घालून बसला होता.

मी उठून आत गेलो. "प्रशांत, तुझी अडचण काय आहे?"

"दादा, आमच्या गाण्यात देवाला थारा न्हाय. सगळा काळोख आन् मरण. त्यात ही हळद कुठं बसवू?"

"गाण्यात नसू दे की," म्हादेव म्हणाला. "वाद्याला लागतो."

"आरं, ह्यो ढोल न्हाय, ड्रम हाय!"

"हात तर माझंच हायत न्हवं?"

शेवटी नितीननं मध्ये पडून म्हादेवला तसंच वाजवायला बसवलं. टेप फिरली. वेग चढला की म्हादेवचा हात अडखळायचा. टेप मागं घ्या, पुन्हा तेच. "न्हाय जमत, दादा," एवढंच म्हणायचा. माझं डोकं तापलं. टेप काय झाडाला लागते?

तेवढ्यात स्टुडिओचे मालक तात्या दार ढकलून आत आले आणि प्रशांतला बघून दचकलेच. पांढराफटक चेहरा, डोळ्यांभोवती काजळाचे खड्डे.

"हे काय सोंग?"

"मड्याचं तोंड हाय, तात्या. ब्लॅक मेटलवाले असंच रंगवत्यात."

"फोटो काढायचाय का?"

"न्हाय. नुसतं रेकॉर्डिंग."

"मग माईकला दिसतंय व्हय तुझं तोंड? पूस की ते."

प्रशांत फटकन म्हणाला, "लावल्याबिगर आवाजच निघत न्हाय, तात्या."

म्हणाला आणि थबकला. नितीन खो-खो हसत सुटला. म्हादेव हसला नाही. तो नुसता प्रशांतकडे बघत राहिला.

"लाव," प्रशांत म्हणाला. "लाव बाबा."

म्हादेवनं खिशातून पुडी काढली. चिमूटभर ड्रमवर, चिमूटभर कपाळाला. मग सवयीनं पुडी सगळ्यांपुढं फिरवली. नितीननं लावून घेतला. प्रशांतनं नको म्हणून मान हलवली, म्हादेवनंही आग्रह केला नाही.

आणि मग काय वाजवलंय म्हणता! पहिल्याच ठोक्याला हळद उडाली ती थेट माझ्या माईकच्या जाळीत. मी एक शिवी हासडली, पण टेप थांबवली नाही. संध्याकाळपर्यंत गिटार झाली, आवाजही झाला. प्रशांत असा काही किंचाळला की तात्या हातातला चहा सोडून रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

कॅसेटी मित्रमंडळींत वाटून संपल्या. इंदापुरातल्या एका दुकानदारानं काही ठेवून घेतल्या होत्या, त्या जशाच्या तशा परत आल्या. नितीन गेला, बँड मोडला. ती गाणी मला आजही कळत नाहीत. म्हादेवचे ड्रम मात्र ऐकले की अंगावर काटा येतो.

तेव्हापासून रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी मी प्रत्येक कलाकाराला एकच विचारतो, "काय लावायचं राहिलंय का?"

बहुतेकांचं राहिलेलं असतं.