वार पडेपर्यंत

आमच्या असोद्याजवळ बायकांचं आठ दिवसांचं शिबिर भरलं, तेव्हा घरातून मला धाडलं. थोरली जाऊ बाळंतीण होती आणि मला चार अक्षरं येत होती, एवढंच कारण. शिकवणाऱ्या बाई शहरातल्या, चपला घालून गोठ्यात शिरायच्या. आम्ही पदराआड हसायचो. म्हैस कशी सांभाळायची ते आम्हाला कोण शिकवतंय! पण बाई बोलायच्या ते पटायचं. धारेआधी कास कोमट पाण्यानं धुवायची, भांडं उकळत्या पाण्यानं विसळायचं, आणि पारडू जन्मलं की तासाभरात त्याला पहिला चीक पाजायचा.

आमच्याकडे याच्या नेमकं उलट. व्याल्यावर म्हशीची वार, म्हणजे जार, पडल्याशिवाय पारडाला कासेला लावायचं नाही. चीक जड, पारडाला हगवण लागते, वार अडते, असं सारं गाव मानायचं.

कास धुणं सासूबाईंनी लगेच उचललं. दूध नासेना, तशा त्या शेजारणींनाही सांगू लागल्या, जणू शिबिराला त्याच गेल्या होत्या. मला रागही यायचा आणि हसूही. चिकाची गोष्ट मात्र मी काढलीच नाही.

आमच्या म्हशीची आधीची दोन पारडं लागोपाठ मेली होती. पारडू गेलं की म्हैस पान्हा चोरते. मागच्या खेपेला मेलेल्या पारडाचं कातडं भुसा भरून तिच्यापुढे ठेवावं लागलं. ती ते चाटायची, मग धार सोडायची. सासूबाई धार काढताना तिकडे बघत नसत. यंदाचं तरी जगू दे, असं त्या उठता-बसता म्हणायच्या.

म्हैस व्याली सकाळी. पारडी झाली, कपाळावर चांद असलेली. सासूबाईंनी तिला गोणपाटानं पुसलं आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलं. ती दावं ओढून कासेकडे धडपडायची. वार काही पडेना. मी चुलीपाशी भाकरी थापत मनात तास मोजत होते. पण गोठ्यात सासरे, चुलतसासरे, गल्लीतली जाणती माणसं बसलेली. त्यांच्यापुढे सुनेनं तोंड उघडायचं? आणि वार अडली असती तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. खरं सांगते, मला पारडीपेक्षा माझीच काळजी जास्त होती.

वार पडली दिवेलागणीला. तोवर पारडीनं मान टाकली होती. तोंडात बोट घातलं तरी चोखेना. तिसऱ्या दिवशी गेली.

पुढे त्या शिबिरातल्या बाई घरोघर चौकशी करत आमच्याकडे आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, वेळेवर चीक मिळाला असता तर बहुतेक तगली असती, सुनेला आम्ही शिकवलं होतं की. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिले.

बाई गेल्यावर सासूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तांदूळ निवडता निवडता त्यांनी विचारलं, "तुले मालूम होतं. मंग मले काहून नही सांगतलं?"

तुमचा धाक वाटला, मी म्हणाले.

त्यांनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मले बी माह्या सासूचा धाक होता. पहिली पोर झाली, तं तीन दिवस तिले अंगावर पाजू देल्लं नही. मी बी बोलली नही."

त्यांना पहिली मुलगी झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं.