किडक्या दोंगुरी

क्योतोत माझी पीएचडी एका झाडावर अडून बसली होती. विद्यापीठामागच्या टेकडीवर ओकच्या दोन जाती शेजारी वाढतात, कोनारा आणि काशिवा. कोनाराचं पान लहान, देठ लांब. काशिवाचं पान तळहाताहून मोठं. मे महिन्यात मिठाईवाले त्यात गोड मोची, म्हणजे चिकट तांदळाचे लाडू, गुंडाळून विकतात. माझ्या झाडाचं पान धड यातलं नव्हतं, धड त्यातलं नव्हतं. ते दोघांच्या संकरातून आलेलं असावं असा माझा अंदाज होता. त्याच्या बिया रुजवायच्या आणि रोपांच्या डीएनएवरून त्यांचा बाप कुठल्या जातीचा ते शोधायचं, असा बेत होता. पण झाडाला रोग लागला आणि हिवाळ्यात ते तोडणार असं कळलं. त्या शरदात खाली पडलेल्या दोंगुरी, म्हणजे ओकची ती टोपीवाली फळं, एवढंच माझ्या हाती उरणार होतं.

आई तेव्हा पुण्याहून आली होती. जपानच्या मोठ्या भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती, तरी ती पासपोर्ट उशाशी घेऊन झोपायची. लॅबचा फ्रिज नेमका बिघडला, म्हणून मी दोंगुरी ओल्या शेवाळात भरून घरी आणल्या आणि आठवडाभर कामासाठी नागोयाला गेले. आईला काही सांगायचं राहूनच गेलं.

परत आले तर बाल्कनीत आईची जुनी साडी अंथरलेली आणि तिच्यावर दोंगुरी कडकडीत वाळलेल्या.

"बियाणं असं ओलं ठेवतात का गं? बुरशी धरली असती," आई म्हणाली. "वाळत घालायच्या आधी सगळ्या निवडल्या. किडक्या तेवढ्या मेथीच्या कुंडीत टाकल्या, खत होईल."

आपल्याकडचं बी वाळलं की टिकतं. ओकचं बी वाळलं की मरतं. हे तिला कुठून माहीत असणार? मी तापट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती इतक्या कौतुकानं ती साडी दाखवत होती की माझ्याच्यानं बोलवेना. खाली कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन मी उभ्या उभ्या दोन आइस्क्रीम खाल्ली आणि रडले. वाळलेल्या सगळ्या पेरून पाहिल्या, एकही रुजली नाही. आई परत गेली, झाड तोडलं गेलं, आणि सरांनी हळूच दुसरा विषय सुचवला.

एप्रिलमध्ये मेथीची वाळकी कुंडी साफ करायला घेतली, तर आत लालसर कोंब उभे. अळीनं बी अर्धंमुर्धं खाल्लं होतं, पण कोंब सोडला होता. मी कुंडी सायकलच्या टोपलीत ठेवली आणि लॅबपर्यंत मोठमोठ्यानं गात गेले. सिग्नलला लोक शिस्तीत दुसरीकडे बघत होते.

पानं मोठी झाली तशी गंमत दिसायला लागली. एकाच आईची लेकरं, पण कुणी कोनारावर गेलेलं, कुणी काशिवावर. डीएनए आला तेव्हा बापही दोन्ही जातींचे निघाले. मला इतका आनंद झाला की सरांसमोरच मी टाळ्या वाजवल्या.

रात्री आईला व्हिडिओवर रोपं दाखवली.

"किडक्यांची एवढी झाली?" ती म्हणाली. "मग चांगल्यांची तर रांग लागली असेल."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "चांगल्या वाळून मेल्या, आई. एकही उगवली नाही."

ती चष्मा सारखा करत म्हणाली, "बघ, मी निवडल्या नसत्या तर ह्यासुद्धा गेल्या असत्या."