बादचा शिक्का

मुलांसाठी माहितीचं पुस्तक निवडायला मला अर्धं मिनिट पुरतं. मध्यावर उघडायचं, दोन वाक्यं वाचायची आणि तिसरं वाचावंसं वाटलं नाही तर मिटून टाकायचं. लेखक त्यासाठी पाच वर्षं खपलेला असो की पाच दिवसांत मोकळा झालेला असो, मुलं त्याला तेवढाच वेळ देतात. मग मी जास्त का द्यावा? ‘बालमित्रांनो’ अशी हाक मारून सुरू होणारं पुस्तक तर मी मध्यापर्यंतही नेत नसे. आणि ‘मी आहे पाण्याचा एक थेंब’ म्हणत ढगापासून समुद्रापर्यंत अखंड बडबडत जाणारा तो थेंब! तो जिथे जिथे भेटला तिथे तिथे मी त्याला निकालात काढला आहे.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि लालबागच्या आमच्या गल्लीतल्या वाचनालयाने मला मुलांच्या विभागासाठी बोलावलं. विभाग म्हणजे व्यायामशाळेच्या डोक्यावरची एक खोली, चार कपाटं आणि भिंतीला लावलेली दोन उंच बाकं. समोर मसाल्याचे डंक. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटला जायचा, तेव्हा मुलं शिंकत शिंकत वाचायची. कपाटं उघडली आणि माझं डोकं फिरलं. राक्षस, पऱ्या, शहाणे ससे आणि त्यांच्याहून शहाणी कासवं. मी पहिल्याच महिन्यात एक रबरी शिक्का करून आणला. त्यावर एकच शब्द होता, ‘बाद’. लाल शाईची पेटी घेतली आणि गोष्टींची सगळीच्या सगळी पुस्तकं शिक्का मारून रद्दीत घातली.

समितीवर एक आजोबा होते, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्यापुढे अक्षरशः हात जोडले. "बाई, दोन-चार तरी राहू द्या. पोरांना बरं वाटतं."

"बरं वाटायला खाली औषधाचं दुकान आहे," मी म्हटलं.

ते पुढच्या सभेला आले नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट एक कटकट गेली असं वाटलं.

नव्या टॉवरमधली माणसं जुनी पुस्तकं खोके भरभरून आणून द्यायची. मी ती त्यांच्यासमोरच चाळत असे. एका बाईंनी मोठ्या कौतुकाने प्राण्यांचा चकचकीत कोश आणला होता. पहिल्याच पानावर त्यांच्या मुलाचं नाव सुंदर अक्षरात घातलेलं, आणि बाकीची पानं एकमेकांना चिकटलेली, कधीच न उघडलेली. "तुमच्या मुलाने जे वाचलं नाही ते आमच्या मुलांनी का वाचावं?" असं मी विचारलं. त्या कोश तिथेच ठेवून निघून गेल्या. कोशातली चित्रं चांगली होती, म्हणून मी तो ठेवून घेतला.

पुस्तक मला पसंत पडलं की त्याची परीक्षा मुलांसमोर व्हायची. मी दोन पानं मोठ्याने वाचायची. वाचताना मुलांच्या तोंडाकडे बघायची नाही, कारण बाईंसमोर तोंड कसं ठेवायचं ते मुलांना पहिलीपासून येतं. मी पाय बघायची. बाकं उंच, त्यामुळे सगळ्यांचे पाय लोंबकळत आणि सारखे हलत. पाय थांबले की पुस्तक पास. हलत राहिले की बाद. संडासात ओतलेलं पाणी पुढे कुठे जातं, हे सांगणाऱ्या पुस्तकाला सगळे पाय थांबले होते. उंदीर काँक्रीट कसं कुरतडतो, मेल्यावर शरीराचं काय होतं, दाताला कीड लागते म्हणजे आत काय घडतं, यालाही थांबले. थोर माणसांच्या बालपणाला एकदाही थांबले नाहीत.

आणखी दोन नियम होते. एक, पुस्तकात एकही चूक सापडली तर ते बाद, मग ते कितीही देखणं असो. दोन, वाचलेल्यातली एक गोष्ट घरी जाऊन एकाला सांगायची. कोणाला काय सांगितलं आणि तो काय म्हणाला, हे पुढच्या शनिवारी मला येऊन सांगायचं. या दुसऱ्या नियमाचा मला भारी अभिमान होता. एका मुलाने आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी आजीला सांगितलं, की कावळा पिंडाला शिवतो तो भूक लागली म्हणून, त्यात आजोबांचा काही संबंध नाही. आजी दिवसभर जेवली नाही आणि मुलाच्या पाठीत धपाटे बसले. मी त्याला त्या शनिवारी बक्षीस म्हणून दोन पुस्तकं जादा दिली. आजीचा विचार माझ्या मनात आला नाही.

शिक्का मी एका मुलीच्या ताब्यात दिला होता. पाचवीतली, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. एका पुस्तकात कोळ्याला सहाच पाय काढले होते आणि ते मला नाही, तिला दिसलं. तिने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं, शिक्का शाईत बुडवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी मान हलवली. तिने तो असा मारला की टेबल हललं. इतकी वर्षं शिकवलं, पण हे मूल माझं आहे असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

तिची आई समोरच्याच डंकावर कामाला होती. नाकातोंडावर ओढणी बांधून दिवसभर मिरच्यांची देठं खुडायची, कुटलेला मसाला चाळायची. खिडकीतून ती दिसायची. गेल्या वर्षी थंडीत तिचा खोकला वरपर्यंत ऐकू येऊ लागला. मग ती दिसेनाशी झाली. मुलीला विचारलं तर म्हणाली, "मिरची बसलीय छातीत. मामी बोलली, छाती धुवायला नेणार आहेत."

पुढच्या शनिवारी तिने वहीच्या कागदाचा एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. त्यावर इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, एकेक करून उतरवलेली होती. लांबलचक शब्द. "बाई, याचं पुस्तक आहे?"

इथे मला खोटं लिहिता येणार नाही. तो शब्द कुठून आला ते मला त्याच क्षणी कळलं. परळ-लालबागमध्ये जन्म गेलेल्या माणसाला कॅन्सर हॉस्पिटलची फाइल आणि तिच्यातले शब्द लांबूनही ओळखता येतात. आमच्या फुटपाथवर गावोगावची माणसं त्या फायली उशाला घेऊन झोपलेली असतात. ‘हा शब्द कुठे बघितलास?’ एवढं विचारायला मला दोन सेकंद लागले असते. मी विचारलं नाही. मला झाला तो आनंद. आयुष्यभर मी मुलांच्या गळी पुस्तकं उतरवत आले होते. आज एक मूल स्वतःच्या गरजेने पुस्तक मागत होतं. मी शिडीवर चढून शरीराविषयीचं जाड पुस्तक काढलं. फारच उत्तम पुस्तक. पेशी वाढायची कधी थांबते, कधी थांबत नाही, न थांबलेली पेशी फुप्फुसातून कुठे कुठे जाते, सगळं सोप्या शब्दांत आणि रंगीत चित्रांत. कोणते आजार बरे होतात आणि कोणते क्वचितच होतात, हेही त्यात लपवलेलं नव्हतं. म्हणून तर मी ते निवडलं होतं.

ती बाकावर बसून वाचू लागली. तिचे पाय थांबले ते वाचनालय बंद होईपर्यंत हलले नाहीत. पुस्तक मी तिला घरी नेऊ दिलं आणि जाताना नेहमीसारखी आठवण करून दिली, "घरी एकाला सांगायचं बरं का."

त्यानंतर तीन शनिवार ती आली नाही. शिक्का दुसऱ्या कोणाला मी दिला नाही. समोर आईही दिसत नव्हती. कोणाला तरी विचारावं असं रोज वाटायचं आणि रोज मी काहीतरी काम काढून बसायची. मी घाबरले होते, दुसरं काही नाही.

चौथ्या शनिवारी मुलं गेल्यावर दोघी जिना चढून आल्या. आई दारात थांबून बराच वेळ श्वास घेत राहिली. निम्मी झाली होती. मुलगी आत येऊन भिंतीपाशी बाकावर बसली. आईने पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, आणि खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसली. आवाज मुलीला ऐकू जाणार नाही इतका हळू ठेवला होता.

"काय ओ बाई, तुम्हीच सांगितलं ना तिला, घरी एकाला सांग म्हणून?"

"हो."

"तिने मला सांगितलं. मी भाकऱ्या करत होते. बाजूला येऊन उभी राहिली नि बोलली, ‘आई, तुझ्या छातीत मिरची नाहीय.’"

"घरातल्या सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलं होतं. हिचे पप्पा, माझी भावजय, डॉक्टरांना पण सांगून ठेवलेलं. फाइल माळ्यावर. मी काय वेडी नाही ओ बाई, मला कळलंच असतं. पण पोरीच्या तोंडून? चित्र दाखवलं तिने मला. इथून सुरू होतं, इथे जातं, मग इथे. बोट ठेवून ठेवून."

"मला कल्पना नव्हती," मी म्हटलं. हे मी चक्क बोलले.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने माझं खोटं ओळखलं, पण त्यावर वाद घालण्याइतका दम तिच्यात नव्हता. "हिच्या पप्पांनी हिला मारलं. कधी हात नाही उचलला त्यांनी, त्या दिवशी पट्टा काढला. मधे पडायला गेले तर मलाच ढास लागली. त्याचं पण मी काय बोलत नाही. पण तेव्हापासून ही जेवत नाही, शाळेत बोलत नाही. तिला वाटतं तिने सांगितलं म्हणून मला झालं. ती बोलेपर्यंत मिरचीच होती, असं म्हणते."

मी मुलीकडे बघितलं. ती कपाटांकडे बघत होती.

"तिला एखादं गोष्टीचं पुस्तक द्या," आई म्हणाली. "आजारी आई बरी होते असलं. असतं ना तसलं?"

"इथे गोष्टीचं एकही पुस्तक नाही."

"एक पण नाही?"

"मी टाकून दिली सगळी."

ती टेबलावरचं पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मग आता तुम्हीच खोटं बोला. तिला सांगा, यात चुकलंय. आमचं नाही ऐकणार, तुमचं ऐकेल. तुम्ही कधी खोटं बोलत नाही असं तिने घरभर सांगून ठेवलंय."

मी मुलीला हाक मारली नाही, मीच उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. पुस्तक उघडलं. तेच पान होतं. इतक्या वेळा उघडलेलं की आपोआप उघडलं. "हे बघ," मी म्हटलं, "हे पुस्तक जुनं आहे. माझ्या लक्षात आलं नाही. आता नवीन औषधं निघाली आहेत. यात जे लिहिलंय की क्वचितच बरे होतात, ते चूक आहे. हल्ली बहुतेक सगळे बरे होतात."

पाच-सहा वाक्यं असतील. वर्गात हजार वेळा बोलले तशीच, शांत आवाजात, बोट ठेवून. बोलता बोलता सवयीने माझी नजर खाली गेली. तिचे पाय हलायला लागले होते.

मी थांबले. ती बाकावरून उतरली, टेबलापाशी गेली, खण उघडून शिक्का आणि शाईची पेटी काढली. शिक्का शाईत बुडवला आणि माझ्यापुढे धरला. आजवर शिक्का तीच मारायची. या वेळी तिने तो माझ्या हातात दिला.

मी पहिल्या पानावर शिक्का मारला. अक्षरं दुहेरी उमटली. आई खुर्चीतून बघत होती. तिने एकदा डोळे मिटले आणि उघडले, बस. माझ्या सगळ्या कपाटांत त्याच्याइतकं खरं पुस्तक दुसरं नव्हतं.

मुलीने शाई वाळू दिली, पुस्तक मिटून रद्दीच्या ढिगावर ठेवलं आणि आईचा हात धरला. "मी पुढच्या शनिवारी येणार नाही, बाई," ती म्हणाली. रागाने नाही, कळवायचं म्हणून.

जिना लाकडी आहे, बोललेलं वर ऐकू येतं. आई दर दोन पायऱ्यांवर थांबत होती. मी दाराशी उभी होते. तिसऱ्यांदा थांबल्यावर मुलीचा आवाज आला, माझ्यासारखाच शांत, शब्द न् शब्द सुटा.

"आई, बाई बोलल्या, ते पुस्तक चूक आहे. तू बरी होणार."

"हो ना?" आई म्हणाली.

"हो."

मुलगी ते खरं धरून बोलत नव्हती, आणि आईही खरं धरून ऐकत नव्हती, हे वर उभं राहून मला स्पष्ट कळत होतं. वाचनालयात ऐकलेली एक गोष्ट घरी जाऊन एकाला सांगायची, हा माझा नियम. घरी पोहोचेपर्यंतही ती थांबली नाही. तिने तो जिन्यातच पाळला.