आमच्या वस्तीचं शून्य
माझा मामा जन्माचा भित्रा. साहेबांच्या टेबलावरची घंटा वाजली की बाकीचे कारकून उठायचे, हा दचकायचा. कचेरीत त्याला सगळे सशेराव म्हणत. मला त्याच्या या स्वभावाचा राग यायचा. मामीला यायचा नाही. ती म्हणायची, "घाबरणारा माणूस घरी वेळेवर येतो."

त्याचं काम शहराच्या हवेचं. हवेत धूर किती ते यंत्रं मोजायची, आणि मामा त्यांचे आकडे रोज सकाळी संगणकातल्या तक्त्यात भरायचा. शहराचे आठ विभाग होते आणि यंत्रं सात. ती बागेशेजारी, कचेऱ्यांच्या गच्चीवर, जिथे पहारेकरी आणि विजेची सोय होती तिथे बसवलेली. भट्ट्यांना लागून असलेल्या आमच्या वस्तीत यंत्र नव्हतं. पण तक्त्यात आमचा रकाना होता, आणि तो कोरा ठेवला की लाल रेघ यायची, पुढचं पान उघडायचंच नाही. काय भरू, असं साहेबांना विचारायची मामाची छाती झाली नाही. त्याने शून्य टाकलं. पान उघडलं. मग अकरा वर्षं तो रोज शून्य टाकत गेला.

पुढे सरकारचं नवं धोरण आलं. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? ज्या वस्त्यांनी आधीच धूर सोसलाय त्यांच्या माथी आणखी धूर मारायचा नाही. नवा कारखाना काढायचाच असेल तर जिथली हवा सगळ्यात स्वच्छ तिथे काढायचा. शहराला कचरा जाळायचा कारखाना हवा होता. संगणकाने यादी काढली, आणि पहिला नंबर आमच्या वस्तीचा आला.

ती यादी छापायला मामाकडेच आली. त्या दिवशी तो चपला न काढताच पलंगावर बसला. आत मामी खोकत होती. खिडकीच्या फटीत आम्ही ओली फडकी कोंबायचो, तरी सकाळी ओट्यावर काळी पूड साचायची.

"हे माझ्यामुळे झालं," तो हळूच म्हणाला. "सांगितलं तर नोकरी जाईल. खोट्या नोंदी केल्या म्हणून आतसुद्धा टाकतील."

"आणि नाही सांगितलं तर?" मी विचारलं.

त्याने दरवाजाची कडी लागलीय का ते उठून पाहिलं आणि परत बसला.

सुनावणीला नऊ दिवस होते. नऊ दिवस त्याच्या पोटात चार घास धड गेले नाहीत. दारावर थाप पडली की मोरीत जाऊन उभा राहायचा. मलाही आता भीती वाटायला लागली होती. आणखी धूर मामीला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि तिला वाचवू शकणारा एकच माणूस मोरीत लपला होता.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. साहेबांनी भिंतीवर नकाशा दाखवला. आमची वस्ती हिरवीगार. लोक आधी हसले, मग भडकले.

"आकडे माझ्या घरचे नाहीत," साहेब म्हणाले. "यंत्राचे आहेत."

मामा उठला. त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली, तर ती खुर्ची वाजायला लागली.

"यंत्राचे नाहीत साहेब. माझे आहेत. तिथे यंत्रच नाही."

"मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही. कोणी मोजलाच नाही."

निर्णय तीन महिने पुढे गेला. मामाला दुसऱ्याच दिवशी कारणे दाखवा नोटीस आली, आणि आठवड्याभरात वस्तीत यंत्र आलं. भक्कम गच्ची आमचीच, म्हणून ते आमच्याच डोक्यावर बसवलं. नोटिशीचा निकाल लागेपर्यंत आकडे टिपायचं काम मामाकडेच होतं.

पहिल्या सकाळी तो वही घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला. वर जाईना. नोटिशीचं त्याला आता काही वाटत नव्हतं. तो त्या आकड्याला भीत होता.

मामी दम खात दाराशी आली, कठड्याला धरून उभी राहिली.

"आकड्याला काय भिता?" ती म्हणाली. "रोज माझा खोकला ऐकत घरातून निघायचात आणि तिकडे जाऊन शून्य लिहायचात. तेव्हा नाही भीती वाटली?"

मामा वर गेला. बराच वेळ खाली आला नाही.