आंटींचा घोडा आणि माझी झील

आंटींचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते कपडे वाळत घालताना. इथं परदेशात, क्लेमेंटीतल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आणि समोरच्यांचं स्वयंपाकघर एकमेकांकडे तोंड करून होतं, मध्ये जेमतेम खोलीभर अंतर. मी बांबूवर चादर चढवत होते. तेवढ्यात समोरून आवाज आला. बाईचाच, पण जाड, पोटातून उचललेला. एक ओळ घेतली ती लांबतच गेली. मध्येच गळ्यात गाठ बसल्यासारखी व्हायची आणि लगेच सुटायची. मी चादर धरून उभीच राहिले. पण ओळ संपायच्या आधी त्यांचा दम तुटला आणि खोकला आला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "जी जी रं जी!"

आता हे काही मी ठरवून केलं नाही. माझे वडील बार्शीकडचे गोंधळी. पुढचा कथा गायचा आणि वडील मागं झील धरायचे. पुढच्याला श्वास घ्यायचा असला की मागच्यानं आवाज उचलायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला मध्ये खड्डा लागत नाही. "पुढच्याचा दम गेलेला कुणाला कळला, तर चूक मागच्याची," असं वडील म्हणायचे. घरच्या तालमीत माणूस कमी पडला की झिलेला मला बसवायचे. वाचायची भीती बसली आणि सातवीत शाळा सुटली, ही खोड नाही सुटली.

ओरडून झाल्यावर मात्र मी पटकन आत सरकले. खिडकी लावली, गॅस बंद केला, उगाच फरशी पुसायला घेतली. समोरचे तक्रार करणार, माझं वर्क पर्मिट जाणार, ताई-दादांना माझ्यामुळं खाली बघावं लागणार. त्या दोघांच्या आयटीतल्या नोकऱ्या, मी त्यांची मुलगी सांभाळायला आलेली. लिफ्टचं बटण कसं दाबायचं इथपासून सगळं त्यांनी मला न हसता शिकवलं होतं. त्यांना त्रास म्हणजे माझ्या जिवाला घोर.

बेल वाजली. दारात सत्तरीच्या जपानी आंटी, हातात सोललेल्या संत्र्यांची बशी.

"यू," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "व्हॉइस. अगेन!"

त्यांचा मुलगा इथल्या विद्यापीठात शिकवायचा. संध्याकाळी त्यानं येऊन ताईंना सगळं समजावून सांगितलं आणि ताईंनी मला. ते गाणं घाटातून घोडे नेणाऱ्यांचं. त्याला ठेका नसतो. एक ओळ म्हणजे एक श्वास, मध्ये तोडायची नाही. गाणाऱ्याच्या मागं एकजण घुंगरं हलवत, दोन ओळींच्या मध्ये घोड्याला हाक घालतो, "हाऽइ, हाइ." आंटींच्या मागं हाक घालणारी मैत्रीण जपानला परत गेलेली, तिच्या जागी त्यांना मी हवी होते. त्यात आंटींना न्यूमोनिया होऊन गेलेला. कम्युनिटी क्लबात शेजाऱ्यांचा कार्यक्रम होता, तिथं त्यांना हे गाणं पुरं गायचं होतं. नाही जमलं तर पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी मुलाला सांगून टाकलं होतं.

"मी म्हणतो, दोनच ओळी गा," मुलगा म्हणाला. "तर म्हणते, घोडा अर्ध्या घाटात सोडून येऊ का?"

ताई हसल्या. मला कुठलं हसू! मी विचारलं, "ताई, पण पर्मिटवर गाणं चालतं का?"

"अगं, पैसे घेणार आहेस का?"

"छे छे!"

"मग गा की. रविवारची सुट्टी तुझीच आहे. नाहीतरी घरात बसून डबे घासतेस."

आठवड्याची सुट्टी कायद्यानं नुकतीच लागू झाली होती. तिचं काय करायचं हे मला खरंच कळत नव्हतं.

पहिल्या रविवारी मी वडिलांसारखीच हाक घातली. छाती भरून, टिपेला, शेवट लांबवून. आंटी गायच्या थांबल्या. खिडकीशी गेल्या, कपाळाशी हात धरून लांब बघितलं.

"हॉर्स," त्या म्हणाल्या, "रन अवे."

मग त्यांनी खुणांनी दाखवलं. ही हाक लोकांसाठी नाहीच. घोडा इथं, हातभर अंतरावर, कान हलवत चाललेला. त्याला फक्त कळायला हवं की माणूस सोबत आहे. आवाज खाली, बसका, आणि टाकून द्यायचा. गोंधळात झीलकरी पुढच्याच्या अंगावर आवाज चढवतो. इथं मागंच राहायचं. माझ्या गळ्याला ते महिनाभर जमेना.

दुसरी पंचाईत ठेक्याची. मी आपली मांडीवर बोटं आपटत सम शोधायची, ती कधी यायचीच नाही. आंटी माझं बोट धरून ठेवायच्या. शेवटी मी त्यांच्या पाठीकडं बघायला लागले. ओळ संपत आली की उजवा खांदा एवढासा खाली यायचा. तो आला की हाक.

गळ्यातली ती गाठ, तिला त्या कोबुशी म्हणायच्या. मला वाटलं आपली मुरकी. पण मुरकी कशी घरंगळत जाते, ही तशी नाही. आवाज सरळ जाता जाता दगडाला ठेचकाळतो आणि सावरून तसाच पुढं जातो. मी घरी भांडी घासताना करून बघायची, तर ताईंची मुलगी कानावर हात ठेवून इथल्या इंग्रजीत म्हणायची, "मावशी, नॉट लाइक दॅट लाह! यू साउंड लाइक हिकप्स!" आंटींसमोर केलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. मी घाबरून पाणी आणायला धावले.

कार्यक्रमाच्या दिवशी क्लबात खुर्च्या भरलेल्या. आधी चिनी आजोबांचा पंख्यांचा नाच, मग मलाय काकूंचं गाणं. ताई-दादा मुलीला घेऊन पुढच्याच रांगेत. मी आंटींच्या मागं, हातात घुंगरं, ती आधीच वाजू नयेत म्हणून मुठीत आवळलेली.

पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसरी सगळ्यात लांब. तिच्या निम्म्यातच उजवा खांदा खाली आला. मला वाटलं, मलाच भास झाला. मग मानेची शीर ताठ झालेली दिसली आणि आवाजाची कड फाटायला लागली. दम संपला होता. ओळ अजून निम्मी बाकी. ओळीच्या मध्ये हाक घालायची नाही, हे त्यांनी मला प्रत्येक रविवारी बजावलेलं. समोर त्यांचा मुलगा खुर्चीच्या कडेला आलेला.

मी घुंगरं हलवली. "हाऽइ," म्हटलं. अगदी खाली, घोडा घसरल्यावर त्याची मान थोपटावी तसं.

आंटींनी श्वास घेतला. त्याच सुरावर परत आल्या, तिथं एक गाठ मारली आणि ओळ शेवटापर्यंत नेली. पुढच्या सगळ्या ओळीही. टाळ्या पडल्या तेव्हा ताईंची मुलगी खुर्चीवर उभी होती.

मी मात्र घरी येईपर्यंत आंटींच्या दोन पावलं मागंच चालले. त्यांना त्यांचं गाणं पुरं करायचं होतं आणि मी त्यात नको तिथं हात घातला, हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांची बेल वाजवली.

"आंटी, सॉरी. मिडल. मी मिडलला केलं."

त्या आत गेल्या आणि एक जुना, घड्या पडलेला कागद घेऊन आल्या. हे गाणं लिहिलेलंही असतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाचण्याची भीती वाटते म्हणून त्यांनी तो कधी काढला नव्हता. पण त्यावर बहुतेक नुसत्या रेघाच होत्या, एका ओळीला एक, वर चढणाऱ्या, खाली उतरणाऱ्या, जिथं गाठ तिथं बारीक वळसा. मी बोट ठेवून तिसरी रेघ सबंध वाचली, एकदाही न अडता.

"हिअर?" आंटींनी रेघेच्या मध्यावर बोट ठेवून विचारलं.

मी त्यांचं बोट थोडं मागं घेतलं. "हिअर."

त्यांनी पेन्सिलीनं तिथं हाकेची एक बारकी उभी खूण केली, शेजारी माझं नाव लिहून मागितलं, आणि मी ते हळूहळू, नीट लिहिलं.