पितराच्या पाटावरचे व्याही

उन्हाळा हा ऋतू परमेश्वराने नागपुरावर रागावून निर्माण केला, असे समजणाऱ्यांची आणि आमच्या व्याह्यांची अद्याप गाठ पडलेली नसावी. त्यांच्या मते वर्षातले बाकीचे ऋतू म्हणजे केवळ उन्हाळ्याची पूर्वतयारी. देवाने आधी कैरी निर्माण केली आणि मग ती पिकावी म्हणून सूर्य नेमला, अशी त्यांची सृष्टीच्या उत्पत्तीविषयीची उपपत्ती आहे. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, या उपपत्तीला कोणत्याही ग्रंथात आधार नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "व्याहीबुवा, तुमच्या पोथ्या लिहिणारे हिवाळ्यात बसले असतीन लिहाले."

हे आमच्या सूनबाईचे वडील. हिंगण्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. पत्नी गेल्यावर आमच्या मागच्याच गल्लीत घर घेऊन राहिले, आणि तेव्हापासून चैत्र लागला की ऊन अंगणात उतरायच्या आत ते आमच्या स्वयंपाकघरात हजर होतात. तिथे त्यांचे राज्य कारखान्यासारखेच चालते. माठ विकत घेताना ते बोटाने वाजवतात आणि वैद्याने छाती तपासावी तसे कान लावून ऐकतात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजत असला की घरात कोणी बोलायचे नाही, कारण तो शिजल्याचे त्यांना आवाजावरून कळते. "आता पाहा, बडबड कमी झाली त्याची," असे म्हणून ते गॅस बंद करतात, आणि चीक खरोखरच शिजलेला असतो. पन्ह्याची कैरी उकडलेली त्यांना चालत नाही. ती जाळावर भाजून, साल काळे पडेपर्यंत फिरवावी लागते, आणि हे काम ते दुसऱ्या कोणाकडे सोपवत नाहीत. कुलर मात्र स्वयंपाकघराच्या दिशेने वळवू देत नाहीत. त्या वाऱ्याने फोडणी घाबरते, असे त्यांचे म्हणणे आहे.

आमच्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी काही चाखत नाही. हा नियम त्यांनी मनापासून स्वीकारला. फक्त माझी पूजा चालू असताना दर थोड्या वेळाने ते देवघराच्या दारात येऊन उभे राहतात. एकदा त्यांनी गोळाभात केला होता. डाळीचे गोळे भातात वाफवलेले, आणि वरून ओतायचे तेल कडकडीत तापलेले. मी अथर्वशीर्षाचे आवर्तन करीत होतो. दारातून आवाज आला, "घाई नाही काही. पण देवाले थंडा भात चालते का, एवढं विचारून ठेवा." मुलीच्या घरी बापाने जेवू नये, ही जुनी रीतही ते पाळतात, मात्र कारल्याची भाजी असेल त्याच दिवशी त्यांना ती आठवते.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणे ही तपश्चर्या आहे. प्रत्येक आंबा ते डोळे मिटून देठाशी हुंगतात. गेल्या साली एक फळवाली कंटाळून म्हणाली, "काकाजी, आंबा घेऊन राहिले का सोयरिक जमवून राहिले?" त्यांनी डोळे न उघडता उत्तर दिले, "पोरगी देताना इतकं नाही पाहिलं बाई. पण आंबा फसवते." मी मुलाचा बाप, पिशवी धरून शेजारीच उभा होतो.

अशा या माणसाला मधुमेह व्हावा, यात परमेश्वराचा काय हेतू आहे, हे मला उमगलेले नाही. गेल्या उन्हाळ्यात रसाच्या जेवणानंतर त्यांना धंतोलीत दवाखान्यात ठेवावे लागले होते. त्यांच्या पत्नी याच विकाराने गेल्या. त्यामुळे सूनबाईने यंदा आंबा त्यांना वर्ज्य केला, आणि तिच्या शब्दापुढे त्या घरात आणि या घरात कोणाचे चालत नाही.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावाने भिन्न गोत्राच्या एका वडीलधाऱ्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. तोपर्यंत घरात आंबा कापत नाहीत. त्या माणसाला त्या दिवशी यजमानाचे वडील मानायचे, वाढताना हात आखडायचा नाही, आणि तो 'तृप्त झालो' म्हणेपर्यंत घरातल्या कोणी अन्नाला शिवायचे नाही. दरवर्षी येणारे शेजारचे वृद्ध गृहस्थ यंदा मुलाकडे गेले होते. ही अडचण माझ्या तोंडून पुरती बाहेर पडायच्या आत व्याही म्हणाले, "मी बसतो न. गोत्र भिन्न आहे आपलं."

सूनबाईने कणीक मळता मळता वर पाहिले. "बाबा, मले समजत नाही का तुम्ही काहून बसून राहिले ते?"

"तुझ्या आजेसासऱ्यासाठी वं."

"अन् साखर कोणाची वाढन? आजेसासऱ्याची?"

"साखर देहाले असते. पितराले देहच नाही. विचार तुझ्या सासऱ्याले, शास्त्र त्यायले येते."

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "शास्त्रात याचा निर्णय नाही, बाळ. पाट मांडायचा की नाही, हे तूच ठरव."

तिने कणकेचा गोळा झाकून ठेवला. मग म्हणाली, "बसू द्या. पण वाढीन मी."

त्या दिवशी व्याही धूतवस्त्र नेसून आले. मी त्यांच्या पायांवर पाणी घातले, गंध लावले, ते माझ्याहून वयाने लहान असूनही त्यांना नमस्कार केला, तसे ते अवघडले. सूनबाईने रसाची वाटी काठोकाठ भरली, वर तूप सोडले. रीत म्हणजे रीत; तिने हात आखडला नाही. व्याह्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. आम्ही सारे उभे होतो. वाटी रिकामी झाली, तशी ती पातेले घेऊन पुन्हा वाकली. पळी रसात बुडाली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, त्यांना दिसत होता. त्यांनी वाटीवर पंजा ठेवला.

"झालो तृप्त."

"अजून अर्धी घ्या न बाबा," ती म्हणाली.

"नको, माय. तू जेव आता. सकाळपासून उपाशी हायेस."

रिवाजाप्रमाणे मी हात जोडले. माझे वडील आम्रप्रेमी होते. पातेल्यात रस शिल्लक असताना ते कधी तृप्त झाल्याचे मला आठवत नाही. बहुधा त्या दुपारी ते आमच्याकडे आलेच नसावेत. पाटावर बसून उठले ते तिचे वडील.