डॉक्टरांच्या तोंडचा मान

इस्पितळात तिला सगळे ‘एक्सप्रेस’ म्हणायचे. ती दुभाषी होती. वस्तीतले म्हातारेकोतारे स्पॅनिश बोलणारे, डॉक्टर इंग्रजी बोलणारे आणि मधे ही उभी. म्हाताऱ्यांचं बोलणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. “डॉक्टरसाहेब, आपल्या परवानगीने बोलते, लहान तोंडी मोठा घास होतोय, राग मानू नका, पण माझं पोट...” एवढं सगळं ऐकून घेऊन एक्सप्रेस इंग्रजीत सांगायची, “पोट दुखतंय.” निघताना कुणी छातीवर हात ठेवून म्हणायचं, “देव तुमचे उपकार फेडो, तुमच्या हाताला यश देवो, तुमची लेकरंबाळं सुखात राहोत.” तिचं इंग्रजी एका शब्दात आटपायचं. थँक्यू. डॉक्टर खूश, रांग पुढे सरकायची.

उलट्या बाजूने मात्र ती हात सैल सोडायची. इंग्रजीत मानाचा दुष्काळच. राजालाही ‘यू’ आणि दारातल्या कुत्र्यालाही ‘यू’. कालचे पोरसवदा डॉक्टर ऐंशीच्या म्हातारीला खुशाल नावाने हाक मारायचे. त्यांच्या मनात वाईट नसायचं, पण म्हातारीच्या काळजाला ते लागलं असतं. मग एक्सप्रेस पदरचं घालायची. बाईच्या नावाआधी ‘दोन्या’, बाप्याच्या नावाआधी ‘डॉन’. आपल्याला डॉन म्हटलं की काळा चष्मा आणि पिस्तूल आठवतं. त्यांच्यात मात्र तो आपला राव किंवा साहेब, आणि तो ज्याचा त्याला लावून घेता येत नाही, दुसऱ्याने द्यावा लागतो. डॉक्टर म्हणायचे, “झोप तिथे.” म्हातारीला ऐकू यायचं, “तसदी देतो, दोन्या, जरा आडव्या होता का?” हे नियमाबाहेरचं होतं. पण तिने कुणाच्या घरावर दरोडा घातला नव्हता.

तिच्या बाबांचं गल्लीच्या तोंडाशी सलून होतं. थोरामोठ्यांपासून सगळे त्यांच्या नावाआधी डॉन लावत. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता ते लेकीच्या इस्पितळाची कौतुकं सांगायचे. “दुखणं अंगावर काढू नका. तिथे जा. एवढे शिकलेले डॉक्टर, पण बोलणं काय अदबीचं. माणसाला माणूस समजतात.” बेकरीवाल्या मावशीला त्यांनीच पाठवलं होतं. मावशी बरी होऊन आली आणि सर्जनने आपल्याला दोन्या म्हटलं हे पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटली. एक्सप्रेस ते ऐकायची आणि विषय बदलायची.

मग बाबांच्याच पोटात गाठ निघाली.

ऑपरेशन केलं तर आशा होती, नाहीतर नाही. आणि नातेवाइकाने दुभाष्याचं काम करायचं नाही, हा नियम. चाकांच्या स्टँडवर व्हिडिओ कॉलचा एक पडदा ढकलत आणला, त्यात लांबच्या कुठल्या गावाहून एक दुभाषी बाई दिसत होती. सर्जन आले, हसले आणि बाबांना नुसत्या नावाने हाक मारली. पडद्यातल्या बाईने ती तशीच पुढे सरकवली, खाली पडलेली वस्तू उचलून द्यावी तशी. बाबांनी शेजारच्या खाटेकडे वळून पाहिलं. त्यांना नुसत्या नावाने हाक मारणारी शेवटची व्यक्ती म्हणजे त्यांची आई, आणि ती जाऊन एक जमाना झाला होता. सगळं समजावून झालं, सहीचा कागद पुढे आला, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, “हे असंच बोलतात?”

“आज घाईत होते, बाबा.”

“मावशीशी पण असंच बोलले होते?”

बापाशी खोटं बोलायला तिची जीभ वळेना. परक्यांसाठी इतकी वर्षं वळत होती.

“म्हणजे ते नव्हतेच बोलत. तूच बोलत होतीस. अर्धी गल्ली मी इथे धाडली गं.”

सही काही त्यांनी केली नाही. संध्याकाळी एक्सप्रेसने सर्जनना जिन्यात गाठलं. माणूस भला होता. तिने सांगितलेला शब्द त्याने तिच्यासमोर दोनदा म्हणून पाहिला, म्हणाला, “एवढंच ना?” दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाटेपाशी आला, काहीतरी म्हणायचं होतं एवढं त्याला आठवलं, त्याने चुटकी वाजवली, मदतीसाठी एक्सप्रेसकडे पाहिलं, आणि जमेना म्हणून हसून बाबांचा खांदा थोपटला. वर पुन्हा नुसतं नाव.

बाबांनी ते पाहणं पाहिलं होतं. आयुष्य आरशासमोर गेलेलं, कोण कुणाकडे का बघतो हे त्यांना कळायचं.

“माझ्यासाठी मान मागायला गेली होतीस?”

“बाबा, सही करा. हवं तर मला बोला, पण सही करा.”

“मागून मिळतो होय तो?” ते म्हणाले. मग तिचा चेहरा त्यांना बघवेना. “आण तो कागद. तुझ्यासाठी करतो.”

तिला हायसं वाटलं. रुसवा राहिला तर राहू दे, माणूस राहील, असा तिने हिशेब केला. पुढे कितीही दिवस अबोला धरला असता तरी तिने तो आनंदाने सोसला असता.

ऑपरेशनच्या दिवशी बेकरीवाली मावशी सलूनची दोन जुनी गिऱ्हाइकं घेऊन व्हरांड्यात येऊन बसली होती. सर्जन बाहेर आला. टोपी त्याने हातात धरली होती. इंग्रजीत तो एवढंच म्हणाला, “सॉरी. तो वाचला नाही.”

मावशीने एक्सप्रेसचा दंड धरला. “काय म्हणाले गं?”

इथे पडदा नव्हता आणि दुसरं कुणी सांगणारंही नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांची सवय आपसूक बोलू लागली. “डॉक्टर म्हणतात, आपली क्षमा मागतो, दोन्या. आम्ही शर्थ केली.” मग तिने बापाच्या नावाआधी डॉन लावला आणि सांगितलं, “ते आपल्याला सोडून गेले.”

मावशी रडू लागली. रडता रडताच उठली, छातीवर हात ठेवला आणि सर्जनसमोर वाकली. “मरणाची बातमीसुद्धा किती अदबीने सांगता हो. तुझे बाबा सांगायचे त्यात काही खोटं नव्हतं, पोरी. देव तुमचे उपकार फेडो, डॉक्टरसाहेब, तुमच्या हाताला यश देवो, तुमची लेकरंबाळं सुखात राहोत.”

सर्जनने अवघडून एक्सप्रेसकडे पाहिलं. त्या काय म्हणतायत, त्याने विचारलं.

“थँक्यू म्हणतेय,” ती म्हणाली.